धारावीचं निसर्ग उद्यान: आईबरोबर पक्षी बघायला जाते त्या जागेचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते. मुंबईत राहता, पक्षी बघायची आवड आहे, पण दरवेळी कर्नाळा नाहीतर भिगवण गाठायला सवड नाही, किंवा घरात असं कोणी आहे ज्यांना चढउतार झेपत नाही, तर धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. सायन-बांद्रा लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या समोर. माझ्याकडून पाचपैकी पाच. गेल्या दोन वर्षांत मी आणि आई मिळून पंधरा-सोळा वेळा तरी गेलो असू, त्यामुळे एकदा जाऊन आले आणि लिहिलं असं नाहीये, उन्हाळा पावसाळा हिवाळा तिन्ही बघून लिहितेय.

आम्ही तिथे जायला लागलो ते आईच्या गुडघ्यांमुळे. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले रोज चाला पण सपाट जमिनीवर, आणि आमच्या सायनच्या फुटपाथवर सपाट जागा म्हणजे दोन पावलं, तिसऱ्या पावलाला स्कूटर. मग कोणीतरी सुचवलं की निसर्ग उद्यानात घेऊन जा, तिथे वाटा बऱ्या आहेत आणि बसायला जागा आहेत. मी लहानपणी शाळेच्या सहलीला गेलेले तिथे, तेव्हाचं फक्त गांडूळखत आठवत होतं. आई तर ऐकूनच म्हणाली, "धारावीच्या उकिरड्यावर फिरायला नेतेस मला?"

तर हे तिचं बोलणं चूक नव्हतं, म्हणून इथे थोडं थांबून सांगते, कारण ही गोष्ट माहीत असली की तिथला प्रत्येक पक्षी वेगळा दिसतो. ही जागा खरंच मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती. मिठी नदीच्या काठची दलदल, त्यावर वर्षानुवर्षं कचरा टाकून झालेला भराव. आई लग्न होऊन १९७३ ला सायनला आली आणि नोकरीसाठी रोज बसने माहीमकडे जायची, ती सांगते की धारावीचा पट्टा आला की अख्खी बस पदर नाहीतर रुमाल नाकाला लावायची, बोलणारे बोलायचे थांबायचे, आणि वर घारी आणि कावळे एवढे की आभाळ काळं दिसायचं. १९७७ च्या सुमाराला तिथे कचरा टाकणं बंद झालं. मग तिथे निसर्ग शिक्षणाची बाग करायची अशी कल्पना निघाली, त्यात डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्ग संवर्धन संस्थेची माणसं होती आणि एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराच्या विकासाचं सरकारी प्राधिकरण, होतं, कचऱ्यावर माती पसरली, झाडं लावायला घेतली. पहिलं रोप लावलं पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींनी, १९८३ साली. तेव्हा त्यांचं वय ८६ होतं (जन्म १८९६ चा). आणि त्याच वर्षी बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), म्हणजे ज्या संस्थेत त्यांचं सगळं आयुष्य गेलं तिला, शंभर वर्षं होत होती. लोकांसाठी उद्यान उघडलं १९९४ मध्ये. म्हणजे रोप लावल्यापासून अकरा वर्षं नुसती झाडं वाढायची वाट बघितली या लोकांनी. मला या अकरा वर्षांचं फार कौतुक वाटतं. आज ३७ एकर आहे सगळं मिळून, आणि आत शिरल्यावर दोनशे पावलांत लिंक रोडचा आवाज मागे पडायला लागतो, पूर्ण बंद होत नाही, पण पडतो.

पहिल्या दिवशी आई गेटपाशी थांबून नुसता श्वास घेत होती. मला वाटलं दम लागला. म्हटलं, बसतेस का जरा? तर म्हणाली, "नाही गं, वास बघतेय. मातीचा येतोय."

आता पक्ष्यांचं.

आत गेल्यावर आधी कान लावा, डोळे नंतर. झाडी दाट आहे, करंज, शिरीष, बहावा, उंबर, बांबू, सगळं एकमेकांत गुंतलेलं, त्यामुळे पक्षी ऐकू आधी येतो आणि दिसतो पाच मिनिटांनी, कधी दिसतच नाही. तांबटाचं टुक्... टुक्... टुक् हे तर डिसेंबरनंतर थांबतच नाही. तो आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, अगदी सोसायटीच्या पिंपळावरून पण येतो, पण पक्षी बघितलेला कोणी भेटत नाही, कारण चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, पानात पान होऊन बसलेला. मी पहिल्यांदा नीट बघितला तो इथेच, मागच्या फेब्रुवारीत, वाटेच्या कडेला वाळलेल्या फांदीवर, माझ्यापासून फार तर पंधरा फुटांवर. कपाळावर कुंकू लावल्यासारखा लाल ठिपका, छातीवर तसाच लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. आणि मजा म्हणजे चोच बंद! चोच न उघडता गळा फुगवतो आणि प्रत्येक टुक् ला डोकं थोडं थोडं वळवतो, एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणून आपल्याला तो आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि आपण भलत्याच झाडावर शोधत बसतो. इतकी वर्षं मला वाटायचं दोन-तीन तांबट असतील. एकटाच होता. मग तो फांदीच्या खालच्या बाजूला गेला आणि चोचीने टोकरायला लागला, लाकडाचा भुसा खाली पडत होता तो दिसत होता, घर करत होता तो. आम्ही तिथे पाऊण तास उभ्या होतो, आईला मी फोल्डिंग स्टूल दिलं होतं (हे नक्की न्या, सांगते पुढे) आणि एवढा वेळ ती एक शब्द बोलली नाही, जे आमच्या घरात कोणाला खरं वाटणार नाही.

तळ्यापाशी जा. आतमध्ये पावसाचं पाणी साठवायची सोय आहे, इमारतीच्या छपरावरचं पाणीसुद्धा त्या तळ्याकडे आणलंय, आणि पक्षी बघायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे हे तळं. खंड्या जवळपास दरवेळी दिसतो. वंचक तर हमखास. वंचक म्हणजे तो मातकट बगळा, काहीजण ढोकरी म्हणतात, डबक्याच्या काठाला मान खांद्यात घालून बसलेला असतो आणि चिखलाच्या रंगाचा असल्यामुळे जवळ जाईपर्यंत कळतच नाही तिथे कोणी आहे, आणि मग एकदम उडाला की पंख पांढरेशुभ्र! आमच्या पुढे चालणारा एक सातेक वर्षांचा मुलगा होता, त्याच्या पायाशी असाच एक उडाला, तर तो ओरडला, "बाबा, तो बदलला!" हा वंचक, म्हणजे फसवणारा, नाव ज्याने ठेवलं त्याने नीट बघून ठेवलंय. आपल्याकडे पक्ष्यांची नावं अशीच आहेत खरं तर, शिंपी पानं शिवतो, नाचण नाचत असतो, टकाचोर, चष्मेवाला, शेकाट्या, एकदा नाव ऐकलं की पक्षी ओळखायला पुस्तक लागत नाही. मी आता ईबर्डवर, म्हणजे दिसलेले पक्षी नोंदवायच्या अ‍ॅपवर, सुद्धा नावं मराठीत लावून ठेवली आहेत, तशी सोय आहे त्यात, आईला वाचता येतं मग.

भारद्वाज दिसला की आई हात जोडते. दिवस चांगला जातो म्हणे. ती मूळची गुहागरकडची, त्यांच्याकडे त्याला कुंभारकावळा म्हणतात. इथे तो खालच्या झुडपांत, बांबूच्या बुंध्याशी चालत फिरतो, तांबूस पंख, काळं अंग, लाल डोळा, आणि त्याचा तो घुमणारा ऊप् ऊप् ऊप्. तो उडायचा कंटाळाच करतो त्यामुळे सावकाश बघून होतो.

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाहुणे येतात तेव्हाची मजा वेगळी. हळद्या बघितलाय आम्ही, एवढा पिवळाधमक की आईने विचारलं कोणाचा पाळलेला सुटून आलाय का. लाल कंठाची माशीमार म्हणून एक इवलासा पक्षी येतो, शेपूट सारखी वर उडवत राहतो आणि किर्रर्र असं काहीतरी बोलतो, तो पार युरोपाच्या पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. तो धारावीत येऊन, जिथे लोक नाकाला रुमाल लावायचे तिथल्या करंजाच्या फांदीवर बसून किडे खातो. याचा विचार करायला लागले की मला खरंच काही सुचत नाही. त्याला कोणी सांगितलं असेल इथे आता जंगल आहे म्हणून?

स्वर्गीय नर्तक मला एकदाच दिसला. पांढरा नर, लांब शेपटीच्या फितीवाला. फार तर दहा सेकंद. आणि ते दहा सेकंद सुद्धा पूर्ण मिळाले नाहीत, कारण एक ग्रुप आला होता मोठ्या कॅमेऱ्यांचा, त्यातल्या एकाने मोबाईलवर त्याच पक्ष्याची हाक लावली, लाऊड, परत परत, पक्षी जवळ यावा म्हणून. मला खूप राग आला आणि मी जाऊन बोलले. असं करू नये हो. त्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो खाणं सोडून भांडायला येतो, घाबरतो, वीण असली तर घरटं उघडं टाकून येतो. लांबून आलेल्या पक्ष्याने आपलं पोट भरायचं की आपल्या फोटोसाठी नाचायचं? त्या माणसाने बंद केलं, ऐकलं त्याने, पण पक्षी गेलेला होता. तुम्ही जाल तेव्हा प्लीज असं करू नका आणि कोणी करत असेल तर शांतपणे सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

आता दुर्बिणीबद्दल, कारण मला फोनवर सगळे हेच विचारतात. मी पहिली दुर्बीण एका दुकानातून घेतली, नाव नको, त्याने मला सांगितलं की जितका आकडा मोठा तितकं चांगलं आणि एक मोठ्या आकड्याची झूमवाली गळ्यात मारली. चार महिने मला वाटत होतं माझे डोळे गेले. हात जरा हलला की पक्षी गायब, सावलीत सगळं काळोखं, आणि दाट झाडीत नेमकी फांदी शोधेपर्यंत पक्षी उडालेला. शेवटी एका जाणत्या माणसाने उद्यानातच त्याची ८×४२ हातात दिली आणि माझं जगच बदललं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ पटीला हात हलला तरी चित्र स्थिर वाटतं आणि एकावेळी बरीच जागा दिसते, आणि ४२ चं भिंग असल्यामुळे झाडाखालच्या कमी उजेडातही रंग कळतात. या उद्यानासारख्या गच्च झाडीत तर आठच घ्या, दहाची जिद्द धरू नका. दुकानात घ्यायला गेलात तर आतल्या झगमगाटात बघू नका, दाराबाहेर येऊन सावलीतल्या एखाद्या पाटीवरची अक्षरं वाचून बघा. आणि चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवता येतात ना ते बघा, आईचा चष्मा आहे, तिला ते फिरवून दिल्यावरच पूर्ण गोल दिसायला लागला, तोपर्यंत ती बिचारी अर्ध्या चंद्रकोरीतून बघत होती आणि मला सांगत नव्हती.

मिठीच्या बाजूचं सांगायचं राहिलं आणि ते माझ्या सगळ्यात आवडीचं आहे.

उद्यानाची मागची बाजू मिठीला लागून आहे. पलीकडे बीकेसीच्या (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स) काचेच्या इमारती, तीसुद्धा दलदलीवर भराव घालूनच उभी केलेली जागा, आणि अलीकडे हे. मधे नदी आणि तिच्या कडेने खारफुटी, तिवरांची झाडं. मुंबईच अशी भरावावर उभी आहे म्हणा, सात बेटं जोडून जोडून केलेली, १७८४ च्या सुमाराला वरळीचा बांध घातला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, पण बहुतेक ठिकाणी भराव घातला की वर बिल्डिंग आली. इथे वर झाडं आली. एवढाच फरक आणि तो केवढा मोठा.

मिठी म्हणजे विहार आणि पवई तलावातून ओसंडणारं पाणी, साधारण १८ किलोमीटर वाहत येऊन माहीमच्या खाडीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या नदीचं नाव अख्ख्या देशाला कळलं, त्याआधी आम्ही सायनवाले पण तिला नाला म्हणायचो. अजूनही पाणी काळं आहे, भरतीबरोबर प्लास्टिक येऊन तिवरांच्या मुळांना अडकतं, ते बघवत नाही. पण त्याच चिखलात ओहोटीला पक्षी उतरतात. झाडांच्या फटीतून जिथे पाणी दिसतं तिथे थांबायचं. बगळे असतात, पाणकावळे पंख वाळत घालून बसतात, तुतवार असतो शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हलवत चालणारा, एखाद्या वेळी शेकाटे दिसतात, लाल काड्यांसारखे पाय. भरती असेल तर मात्र चिखल पाण्याखाली आणि तुम्ही हात हलवत परत.

ही वेळ साधायची कशी, तर आईने शिकवली. मी अ‍ॅपमध्ये भरती-ओहोटीचं टाइमटेबल शोधत होते, आई म्हणाली आज तिथी काय? म्हटलं बघावी लागेल. म्हणाली, तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. तिचे वडील होडीवर जायचे, त्यांचा हिशोब. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी, आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि तिथून सहा तास मागे, सकाळी नऊला पूर्ण ओहोटी! मी अ‍ॅपशी ताडून बघितलं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक येतो, पण पक्षी बघायला एवढं पुष्कळ झालं. तेव्हापासून आमचा नियम आहे, चतुर्थी-पंचमीच्या सकाळी निसर्ग उद्यान. आईची संकष्टी असते, ती उपासाला राजगिऱ्याचे लाडू आणते पिशवीतून, बाहेर आल्यावर बाकावर बसून आम्ही खातो. (आत खाऊ नका, कावळे आणि मांजरी मागे लागतात आणि कागद पडतात.)

एक गोष्ट मला दाखवायचीच आहे. पावसाळ्यानंतर एकदा वाटेच्या कडेला माती थोडी धुऊन गेली होती आणि एका उंबराचं मूळ उघडं पडलं होतं, मनगटाएवढं जाड. त्याच्या वळणात एक निळ्या काचेचा तुकडा अडकलेला, बाटलीच्या बुडाचा, आणि खाली प्लास्टिकची चिंधी, रंग उडालेली. मूळ त्याला वळसा घालून गेलं नव्हतं, त्याच्या अंगावरून वाढून त्याला धरून बसलं होतं, काढायला गेलं तर निघणार नाही असं. आई वाकून बघत राहिली. म्हणाली, "आमच्याच घरातली असेल एखादी बाटली." खरं आहे, त्या काळात मुंबईत राहणाऱ्या कुठल्याही घरातली असेल. आणि वर त्याच उंबराला फळं लगडलेली, बुलबुल आणि तांबट तुटून पडलेले, कोकिळा मधूनच येऊन हाकलत होती सगळ्यांना.

देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, आज तिथले डोंगर लांबून दिसतात. मी तिथून ट्रेनने जाते तेव्हा हल्ली नुसतं नाक दाबून बसत नाही, मनात झाडं मोजते, कुठे उंबर येईल कुठे बहावा.

थोडं कामाचं लिहिते. सायन स्टेशनवरून बस किंवा रिक्षा, वेस्टर्नवाल्यांना बांद्रा किंवा माहीम, आणि आता मेट्रो ३ चं धारावी स्टेशन २०२५ ला सुरू झाल्यापासून त्या लाईनवरच्यांना पण सोपं झालंय. तिकीट किरकोळ आहे. वेळा निघायच्या आधी बघून घ्या आणि गेट उघडल्या उघडल्या आत शिरा, दहानंतर शाळांच्या सहली येतात, त्या यायलाच हव्यात, मुलांनी बघायलाच हवं हे, पण तेव्हा पक्षी वर जातात. कपडे फिके हिरवे-मातकट, पूर्ण बाह्या. डास आहेत, जून ते ऑक्टोबर तर भरपूर, ओडोमॉस लावून जा. पाणी न्या. ज्येष्ठ कोणी बरोबर असेल तर ते छोटं फोल्डिंग स्टूल न्याच, कारण बाक आहेत पण पक्षी बाकासमोर येऊन बसत नाही, आणि आईसारख्या माणसाला बसता आलं की ती तासभर एका झाडाकडे बघू शकते आणि तेवढ्या वेळात मी तीन चकरा मारून जितके बघते त्यापेक्षा जास्त पक्षी तिला दिसलेले असतात. हे मी दरवेळी अनुभवते. पक्षी बघायला फिरायला कमी लागतं, थांबायला जास्त लागतं.

कोणी जाऊ नये? फ्लेमिंगोसाठी येणार असाल तर इथे येऊ नका. ते ठाणे खाडीत, ऐरोलीहून बोट असते, ती खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली, तो वेगळाच नजारा आहे, जरूर बघा. एका सकाळी ऐंशी जाती झाल्या पाहिजेत असा हिशोब असेल तरी निराशा होईल, आमचा सकाळचा आकडा पंचवीस-तीसच्या आत-बाहेर असतो. पण एकच जागा परत परत बघायची असेल, तर कमाल आहे. आम्हाला आता ठाऊक आहे पिंगळा, ते छोटं घुबड, कुठल्या ढोलीत असतो, शिंजीर कुठल्या फुलावर आधी येतो, पावसानंतर नीलवंत फुलपाखरू (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, मोठं, काळं, निळ्या झाकेचं) कुठल्या कोपऱ्यातून तरंगत येतं. ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखं होतं.

पिंगळ्याची ढोली कुठे ते मात्र लिहीत नाही, भेटलात तिथे तर दाखवीन, लांबून.

आई घरी आल्यावर दिसलेले पक्षी कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहून ठेवते, दुधाचा हिशोब वर आणि पक्षी खाली, अक्षर बारीक बारीक होत जातं. मागच्या संकष्टीला चौकटीत जागा संपली म्हणून शेवटचे दोन तिने पंचमीच्या चौकटीत लिहिलेत: नाचण, आणि त्याखाली "हिरवा, ओळखला नाही". पुढच्या चतुर्थीला तोच शोधायला जातोय.